सूर्याचे हरवलेले न्यूट्रिनो: होमस्टेकचा हिशेब चौपट येतोय, आणि मुळात कमी काय पडलं होतं?

मृगशीर्ष

अमेरिकेतल्या होमस्टेक खाणीतल्या टाकीत (सूर्याच्या न्यूट्रिनोने क्लोरीनचा आर्गॉन होतो, ते अणू तिथे मोजत) दिवसाला किती आर्गॉन अणू तयार व्हायला हवे होते, हे पायरी-पायरीने काढून बघतो आहे. पहिला टप्पा जुळतो. पृथ्वीपाशी सूर्याची ऊर्जा दर चौरस सेंटिमीटरला ०.१३६१ वॅट, म्हणजे सेकंदाला ८.५ × १०^११ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट). चार प्रोटॉनांचं एक हेलियम होताना २६.७ एमईव्ही सुटतात. त्यातले सरासरी अर्धा एमईव्ही न्यूट्रिनो घेऊन जातात, उरले २६.२. एका हेलियममागे दोन न्यूट्रिनो. भागाकार केला की चौरस सेंटिमीटरमागे सेकंदाला साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो. हा आकडा सगळीकडे असाच आहे.

घोळ पुढे आहे. टाकीत ६१५ टन परक्लोरोएथिलीन, रेणूचं वजन १६५.८, एका रेणूत चार क्लोरीन. म्हणजे ८.९ × १०^३० क्लोरीन अणू. सौर प्रतिकृतीचं, म्हणजे सूर्याच्या गणिती नमुन्याचं, भाकीत ७.६ स्नू, आणि एक स्नू म्हणजे दर अणूमागे सेकंदाला १०^-३६ अभिक्रिया. गुणाकार करून ८६,४०० ने गुणलं तर दिवसाला ५.९ अणू येतात. वाचायला मात्र मिळतं ते दीडच्या आसपास. तर,

१. चूक कुठे आहे?
२. पावणेचार लाख लिटरहून जास्त द्रवातून मोजके अणू बाहेर काढले, आणि ते सगळे निघाले, यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? न्यूट्रिनो हरवण्यापेक्षा आर्गॉन टाकीतच राहून गेला असं मानणं सोपं नाही का?
३. सूर्याचा गाभा थोडासा थंड मानला तर प्रश्न सुटत नाही का? बोरॉनचे न्यूट्रिनो (सूर्यात बनलेला बोरॉन-८ विरताना सुटणारे) तापमानाला फार संवेदनशील असतात असं वाचलं आहे.

रसशाळा

तुमची चूक अगदी छोटी आहे. सगळे क्लोरीन अणू मोजलेत. अभिक्रिया फक्त क्लोरीन-३७ शी होते आणि निसर्गात तो २४.२ टक्के असतो, बाकीचा क्लोरीन-३५. म्हणून लक्ष्य अणू २.१६ × १०^३०. आता ७.६ स्नू धरा: दिवसाला १.४२. प्रत्यक्ष मोजमाप २.५६ स्नू आलं, म्हणजे दिवसाला ०.४८. 'दोन दिवसांत एक अणू' म्हणतात तो हाच.

आणखी एक. ते साडेसहा हजार कोटी या गणितात कुठेच वापरायचे नाहीत. त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त पीपी न्यूट्रिनो (दोन प्रोटॉन जुळताना सुटणारे) आहेत, त्यांची ऊर्जा ०.४२ एमईव्हीच्या वर जात नाही. क्लोरीनच्या अभिक्रियेला किमान ०.८१४ एमईव्ही लागतात. टाकीला ते दिसतच नाहीत. क्लोरीनला दिसतो तो मुख्यतः बोरॉन-८ चा झोत, चौरस सेंटिमीटरमागे सेकंदाला सुमारे ५० लाख. एकूण न्यूट्रिनोंमध्ये तेरा हजारांत एक, पण ७.६ पैकी ५.७६ स्नू त्याचेच. हे लक्षात ठेवा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे.

आता दुसरा प्रश्न. हा बरीच वर्षं अनेक भौतिकशास्त्रज्ञांना पडलेला होता, त्यामुळे नीट सांगतो.

आर्गॉन-३७ चं अर्धायुष्य ३५ दिवस, सरासरी आयुष्य ५०.५ दिवस. म्हणजे टाकी कितीही काळ बंद ठेवली तरी ०.४८ × ५०.५ = सुमारे २४ अणूंच्या वर साठा जात नाही. जितके तयार होतात तितके विरतात. दोन महिन्यांनी उपसलं तर त्यातले ७० टक्के, म्हणजे १७ अणू हाताशी असतात. म्हणूनच उपसा दोन-तीन महिन्यांनी एकदा. त्याहून लवकर केला तर हाती काही लागत नाही, उशीर केला तर वेळ फुकट जातो.

काढण्याची पद्धत अशी. टाकी भरल्यावर आधी त्यातली हवा घालवतात, कारण हवेत जवळजवळ एक टक्का आर्गॉन असतो आणि थोडा किरणोत्सारी क्रिप्टॉन-८५ ही. द्रवावरच्या मोकळ्या जागेत हेलियम. मग दर फेरीच्या सुरुवातीला टाकीत एक दशांश घन सेंटिमीटरच्या आसपास साधा, स्थिर आर्गॉन मुद्दाम सोडतात, पण निसर्गात दुर्मीळ असलेला समस्थानिक निवडून: एका फेरीला आर्गॉन-३६, पुढच्या फेरीला आर्गॉन-३८. याला वाहक म्हणतात. फेरी संपली की पंपांनी हेलियम द्रवातून जवळजवळ वीस तास फिरवतात. तो आर्गॉन उचलून आणतो. वाटेत थंड केलेल्या संघनकात परक्लोरोएथिलीनची वाफ अडते, आणि शेवटी द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, ७७ केल्व्हिनला ठेवलेल्या कोळशात आर्गॉन अडकतो. हेलियम पुढे निघून जातो. कोळसा तापवला की आर्गॉन सुटतो. तापवलेल्या टायटेनियमवरून नेऊन नायट्रोजन, ऑक्सिजन यांसारखे क्रियाशील वायू काढून टाकतात, वायू-वर्णलेखनाने क्रिप्टॉन-झेनॉन वेगळे करतात.

वाहकाची गंमत इथे कळते. स्थिर आर्गॉन किती सोडला ते माहीत आहे, किती परत आला ते द्रव्यमान-वर्णपटमापीवर मोजता येतं. ९५ टक्क्यांच्या आसपास परत येत असे. रसायनाच्या दृष्टीने आर्गॉन-३६ आणि आर्गॉन-३७ यांत फरक नाही. एक निघाला तर दुसराही निघणारच. उरलेले पाचेक टक्के पुढच्या फेरीला त्रास देऊ नयेत म्हणून समस्थानिक आलटून-पालटून वापरायचे: या वेळच्या ३८ मध्ये मागच्या वेळचा ३६ किती मिसळला आहे तेही दिसतं.

यावर एक खरा आक्षेप होता. सोडलेला आर्गॉन वायू म्हणून आत जातो, न्यूट्रिनोने बनवलेला आर्गॉन मात्र क्लोरीनच्या जागी, रेणूच्या आत जन्मतो. तो तिथेच धरून ठेवला गेला तर? याची तपासणी वेगळी झाली. टाकीत न्यूट्रॉनचा स्रोत उतरवून द्रवाच्या आतच आर्गॉन-३७ तयार केला आणि उपसून मोजला. क्लोरीन-३६ घालून बनवलेल्या परक्लोरोएथिलीनवरही प्रयोग झाला: क्लोरीन-३६ विरून रेणूच्या आतच आर्गॉन-३६ होतो, न्यूट्रिनोच्या धक्क्यासारखाच. तोही निघाला. आर्गॉन कुणाशी बंध करत नाही, आणि मागे फेकला जाताना मिळणारी ऊर्जा रेणूतला बंध तोडायला पुरेशी असते. त्यामुळे 'टाकीत राहून गेला' हा मार्ग बंद होतो.

मोजणीत अडचण वेगळ्या प्रकारची. काढलेला आर्गॉन थोड्या मिथेनसोबत एका चिमुकल्या प्रमाणशीर गणकात (किरणोत्सार मोजणाऱ्या वायूच्या नळीत) भरतात, लांबी सुमारे तीन सेंटिमीटर. आर्गॉन-३७ इलेक्ट्रॉन गिळून परत क्लोरीन होतो तेव्हा २.८२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे ऑजे इलेक्ट्रॉन (अणूच्या कवचातून उडणारे) सुटतात. इतक्या कमी ऊर्जेचे बाहेरचेही खूप संकेत येतात. सुरुवातीला फक्त ऊर्जा बघत होते, तेव्हा पार्श्वभूमीच जड होती. म्हणून १९६८ च्या पहिल्या निष्कर्षात फक्त '३ स्नूपेक्षा कमी' इतकंच म्हणता आलं. नंतर स्पंद किती झटकन चढतो तेही बघायला लागले. ऑजे इलेक्ट्रॉनांचा माग एक दशांश मिलिमीटरइतका आखूड, सगळे आयन एकाच ठिकाणी, म्हणून स्पंद झपकन चढतो. बाहेरून आलेल्या गॅमा किरणाने उडवलेला इलेक्ट्रॉन गणकभर लांब माग सोडतो, त्याचा स्पंद हळू चढतो. या एका सुधारणेने प्रयोग तगला, असं माझं मत आहे. त्यानंतर १९७० ते १९९४ या काळातल्या १०८ फेऱ्यांमधून २.५६ हा आकडा आला.

प्रयोग खाणीत १,४७८ मीटर खोल का, तेही याच हिशेबातून: वैश्विक किरणांतल्या म्युऑनमुळे द्रवात वेगवान प्रोटॉन सुटतात आणि प्रोटॉनही क्लोरीन-३७ चा आर्गॉन-३७ करतो. तो अणू न्यूट्रिनोच्या अणूहून ओळखायला कोणताही मार्ग नाही. एवढ्या खोलीवर हा वाटा दिवसाला अर्ध्या अणूच्या दहाव्या हिश्शावर येतो. जमिनीवर ही टाकी निरुपयोगी ठरली असती.

गाभा_१५०

रसशाळा यांनी टाकीचं सगळं सांगितलं, मी सूर्याचं बघतो.

तापमानाचा युक्तिवाद आकड्यांत मांडा. बोरॉन-८ चा झोत गाभ्याच्या तापमानाच्या साधारण २४ व्या घाताने बदलतो. ०.९५५ चा २४ वा घात घ्या: ०.३३. म्हणजे गाभा साडेचार टक्के थंड मानला की बोरॉनचा झोत एक तृतीयांश. क्लोरीनचा एकटा प्रयोग असता तर हे उत्तर खपलं असतं, आणि बरीच वर्षं खपलंही. सौर प्रतिकृती मांडणाऱ्या बाहाल यांच्यासारख्या माणसाला आयुष्यातली कित्येक वर्षं याच शंकेला उत्तर देण्यात घालवावी लागली.

पण पुढचे प्रयोग आले तेव्हा तुटीचे आकडे एकसारखे नव्हते, आणि खरा पेच तिथे आहे. 'दोन तृतीयांश न्यूट्रिनो हरवले' असं सरसकट लिहिलं जातं, ते वाचून काहीच कळत नाही. तीन प्रकारचे प्रयोग घ्या:

क्लोरीन: २.५६ विरुद्ध ७.६. गुणोत्तर ०.३४.
पाणी (जपानमधलं कामिओकांडे, पुढे सुपर-कामिओकांडे): फक्त बोरॉन-८ दिसतो, गुणोत्तर सुमारे ०.४७.
गॅलियम (कॉकेशसमधला सेज, इटलीतल्या ग्रान सासोचा गॅलेक्स): किमान ऊर्जा ०.२३३ एमईव्ही, म्हणून पीपी न्यूट्रिनोही दिसतात. ६५ ते ७० स्नू विरुद्ध १२८. गुणोत्तर ०.५ च्या थोडं वर.

आता हिशेब करा. पाण्याच्या प्रयोगाने सांगितलं की बोरॉनचे ४७ टक्के न्यूट्रिनो येतात. मग क्लोरीनच्या टाकीत एकट्या बोरॉनमुळेच ५.७६ × ०.४७ = २.७ स्नू दिसायला हवेत. मोजले एकूण २.५६. म्हणजे बेरिलियम-७ च्या न्यूट्रिनोंना (१.१५ स्नू) जागाच उरत नाही. गॅलियमकडे वळा: १२८ पैकी ६९.७ स्नू पीपीचे, आणि पीपीचा झोत सूर्याच्या तेजानेच बांधलेला आहे, तो कमी करायचा तर सूर्यच मंद करावा लागेल. ६९.७ म्हणजे जवळजवळ सगळं मोजमाप. बेरिलियमचे ३४ स्नू पुन्हा गायब.

दोन्हीकडे बेरिलियम शून्य, पण बोरॉन अर्धा शिल्लक. सूर्यात हे होऊच शकत नाही, कारण बोरॉन-८ हा बेरिलियम-७ पासूनच बनतो! बेरिलियम-७ ने एक प्रोटॉन घेतला की बोरॉन-८. आईच नाही आणि मूल आहे, अशी स्थिती. तापमान कमी करून तर उलटंच होतं: बेरिलियमचा झोत फक्त १० व्या घाताने बदलतो, म्हणून साडेचार टक्के थंड गाभ्यात तो ०.६३ वर राहतो आणि बोरॉन ०.३३ वर घसरतो. थंड सूर्यात बोरॉन जास्त कमी व्हायला हवा, मोजमापात बेरिलियम जास्त कमी दिसतो.

याच्या जोडीला सूर्यकंपनांचा पुरावा. सूर्याच्या पृष्ठभागाच्या थरथरण्यावरून आतला ध्वनिवेग काढता येतो आणि १९९७ च्या सुमारास तो प्रतिकृतीशी टक्क्याच्या अंशापर्यंत जुळला. ध्वनिवेग तापमानाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. साडेचार टक्के थंड गाभा म्हणजे ध्वनिवेगात दोन टक्क्यांहून जास्त फरक. तो लपून राहिला नसता. माझ्या मते सूर्याला निर्दोष ठरवायला ही दोन कारणं पुरेशी होती. पण 'सूर्य दोषी नाही' आणि 'न्यूट्रिनो बदलतात' ही दोन वेगळी विधानं आहेत, दुसऱ्याला थेट पुरावा लागतो.

मृगशीर्ष

क्लोरीन-३७ चं प्रमाण घातलं, १.४२ आलं. दोघांचेही आभार.

आई-मुलाचा मुद्दा पटला, पण त्यात एक भोक वाटतं. पाण्याच्या प्रयोगात न्यूट्रिनो इलेक्ट्रॉनला धडकतो आणि उडालेला इलेक्ट्रॉन चेरेन्कॉव्ह प्रकाश देतो. सूर्यात फक्त इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो जन्मतात, पण ही धडक न्यूट्रिनोचे दुसरे दोन प्रकार, म्युऑन-न्यूट्रिनो आणि टाऊ-न्यूट्रिनो, हेही देऊ शकतात ना? मग ४७ टक्के हा शुद्ध इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोंचा आकडाच नाही. फक्त इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो पकडणाऱ्या क्लोरीनच्या गणितात तो तसाच घालणं चूक नाही का? आणि सडबरीच्या प्रयोगाने हे प्रकार वेगळे केले म्हणजे नेमकं काय केलं?

जडपाणी

अचूक पकडलंत. ते भोक नव्हतं, तीच किल्ली होती. दुसरे दोन प्रकारही इलेक्ट्रॉनला धडकतात, पण या ऊर्जेला सुमारे सहापटीने कमी. म्हणून पाण्यातलं मोजमाप = इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो + ०.१५६ × (म्युऑन + टाऊ). एका समीकरणात दोन अज्ञातं. दुसरं समीकरण हवं होतं, ते जड पाण्याने (साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेल्या पाण्याने) दिलं. १९८० च्या दशकाच्या मध्यावर हर्बर्ट चेन यांनी ही कल्पना मांडली.

कॅनडात सडबरीजवळ क्रेटन खाणीत, २ किलोमीटरहून थोडं अधिक खोल, १,००० टन जड पाणी १२ मीटर व्यासाच्या ॲक्रिलिक गोलात. भोवती साडेनऊ हजारांच्या आसपास प्रकाशगुणक नळ्या आणि संरक्षणासाठी साधं पाणी. गोल १२२ तुकड्यांत खाली नेऊन तिथेच जोडला, कारण अखंड गोल खाणीच्या लिफ्टमध्ये मावणार नव्हता.

ड्यूटेरियमच्या केंद्रकावर दोन वेगळ्या अभिक्रिया होतात.

पहिली, भारित: इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो + ड्यूटेरॉन → प्रोटॉन + प्रोटॉन + इलेक्ट्रॉन. फक्त इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोच करू शकतो, इतर प्रकारांना म्युऑन किंवा टाऊ बनवावा लागेल आणि तेवढी ऊर्जा सूर्याच्या न्यूट्रिनोत नसते.

दुसरी, उदासीन: कोणताही न्यूट्रिनो + ड्यूटेरॉन → प्रोटॉन + न्यूट्रॉन + तोच न्यूट्रिनो. तिन्ही प्रकार सारख्याच प्रमाणात करतात. किमान ऊर्जा २.२२ एमईव्ही. म्हणजे न्यूट्रॉन मोजा, एकूण न्यूट्रिनो मिळाले.

२००२ चे निकाल, चौरस सेंटिमीटरमागे सेकंदाला, लाखांत: भारित १७.६, इलेक्ट्रॉन-धडक २३.९, उदासीन ५०.९. प्रतिकृतीचं भाकीत ५०.५. आता तुमचं समीकरण लावून बघा. एकूण ५०.९ मधून १७.६ गेले, उरले ३३.३. त्याचा ०.१५६ पट म्हणजे ५.२. १७.६ + ५.२ = २२.८. मोजमाप २३.९, सुपर-कामिओकांडेचं २३.५. चुकीच्या मर्यादेत बसतं. तीन स्वतंत्र मोजमापं, दोन अज्ञातं, आणि तिन्ही जुळतात. याहून स्वच्छ उत्तर क्वचित मिळतं.

आता अवघड भाग. न्यूट्रॉन मोजणं सोपं आहे, पण तो न्यूट्रिनोने सोडवलेला आहे हे सिद्ध करणं भयंकर अवघड. २.२२ एमईव्हीपेक्षा जास्त ऊर्जेचा कोणताही गॅमा किरण ड्यूटेरॉन फोडतो आणि तसाच न्यूट्रॉन सोडतो. थोरियमच्या साखळीतला थॅलियम-२०८ २.६१ एमईव्हीचा गॅमा देतो, युरेनियमच्या साखळीतला बिस्मथ-२१४ २.४५ चा. दोन्ही साखळ्या खडकात, धुळीत, काचेत सगळीकडे. म्हणून जड पाण्यात एका ग्रॅममागे थोरियम १०^-१५ ग्रॅमच्या पातळीवर ठेवावं लागलं. खाणीच्या आत अख्खी प्रयोगशाळा धूळमुक्त. पाणी सतत फिरवून मँगनीज ऑक्साइड लावलेल्या मण्यांवरून न्यायचं, त्यावर रेडियम चिकटतं आणि ते मोजता येतं. शिवाय पाण्यातला वायू काढून रेडॉन मोजायचा. शुद्ध करून थांबायचं नाही, उरलेली अशुद्धी किती ते आकड्यात सांगायचं, कारण तेवढी वजाबाकी अंतिम उत्तरात जाते.

दुसरी अडचण: न्यूट्रॉन आणि भारित अभिक्रियेतला इलेक्ट्रॉन दोघेही शेवटी प्रकाशच देतात. कोणता कोणाचा? एकेका घटनेवर शिक्का मारता येत नाही. ऊर्जा, केंद्रापासूनचं अंतर आणि सूर्याच्या संदर्भातली दिशा यांच्या वितरणांवरून विभागणी करावी लागते. धडकेचा इलेक्ट्रॉन सूर्यापासून दूर, सरळ पुढे उडतो. भारित अभिक्रियेतला थोडा मागे झुकतो. न्यूट्रॉनला दिशेची आठवण नसते. २००२ च्या निकालात ३०६ दिवसांच्या २,९२८ घटना होत्या. त्यांची वाटणी भारित १,९६८, धडक २६४, न्यूट्रॉन ५७७ आणि उरलेली पार्श्वभूमी.

शुद्ध जड पाण्यात न्यूट्रॉन सापडण्याची कार्यक्षमता जेमतेम १४ टक्के होती, कारण ड्यूटेरियम न्यूट्रॉन फारसा पकडत नाही. म्हणून दुसऱ्या टप्प्यात दोन टन मीठ विरघळवलं. क्लोरीन-३५ न्यूट्रॉन अधाशासारखा पकडतो आणि एका ६.२५ एमईव्हीच्या गॅमाऐवजी एकूण ८.६ एमईव्हीचे अनेक गॅमा देतो. कार्यक्षमता ४० टक्क्यांवर गेली. शिवाय अनेक गॅमा म्हणजे प्रकाश चौफेर, तर इलेक्ट्रॉनचा प्रकाश एकाच शंकूत, त्यामुळे वाटणी ऊर्जेवर विसंबून राहिली नाही. तिसऱ्या टप्प्यात मीठ काढून हेलियम-३ भरलेल्या गणकांच्या ३६ माळा सोडल्या, न्यूट्रॉन थेट वेगळ्या उपकरणात. तीन पद्धतींचे एकूण झोत: ५०.९, ४९.४, ५५.४ लाख. चुकीची मर्यादा धरता तिन्ही एकच. एकाच माणसाला तीनदा विचारण्यापेक्षा तीन साक्षीदार आणणं किती मोलाचं, ते इथे दिसतं.

गाभा_१५०

जडपाणी यांच्या उत्तरात एक भर, कारण 'न्यूट्रिनो वाटेत बदलतात' हे वाक्य बोरॉनच्या न्यूट्रिनोंबाबत चुकीचं आहे आणि ते जिथे-तिथे दिसतं.

निर्वातातलं साधं दोलन (न्यूट्रिनोचा प्रकार जाता-जाता आलटून-पालटून बदलणं), जे ग्रिबोव्ह आणि पोन्तेकोर्व्हो यांनी १९६९ मध्ये सुचवलं, त्यात दोन प्रकारांच्या मिश्रणात सरासरी टिकाव (इलेक्ट्रॉन-प्रकारातच राहणाऱ्यांचा वाटा) निम्म्याच्या खाली जाऊ शकत नाही. सडबरीचं गुणोत्तर १७.६ / ५०.९ = ०.३५. निम्म्याच्या खूप खाली. इथे सूर्यातलं द्रव्य मध्ये येतं. गाभ्याची घनता १५० ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, आणि तिथले इलेक्ट्रॉन फक्त इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोवर जादा परिणाम करतात. वोल्फेनस्टाइन यांनी १९७८ मध्ये आणि मिखेयेव्ह-स्मिर्नोव्ह यांनी १९८५ च्या सुमारास हे मांडलं. १० एमईव्हीचा न्यूट्रिनो गाभ्यात जवळजवळ शुद्ध जड वस्तुमान-अवस्थेत (ठरावीक वस्तुमानाची अवस्था, जी तिन्ही प्रकारांचं मिश्रण असते) जन्मतो. बाहेर येईपर्यंत घनता इतकी हळूहळू उतरते की तो त्याच अवस्थेत राहतो. बाहेर पडल्यावर ही दुसरी वस्तुमान-अवस्था आहे आणि तिच्यात इलेक्ट्रॉन-प्रकाराचा वाटा ०.३१. सूर्यापासून पृथ्वीपर्यंतच्या १५ कोटी किलोमीटरमध्ये तो दोलत नाही! जे व्हायचं ते सूर्याच्या आतच झालं.

पीपी आणि बेरिलियमसारख्या कमी ऊर्जेला द्रव्याचा परिणाम क्षीण. तिथे साधं दोलन, त्याची लांबी ०.३ एमईव्हीला १० किलोमीटर. न्यूट्रिनो जन्मतो तो प्रदेश त्याच्या हजारो पट रुंद, म्हणून सगळं सरासरीत जातं आणि टिकाव ०.५५ येतो. दोन्हींमधला बदल २ एमईव्हीच्या आसपास.

आता, मृगशीर्ष, हे आकडे तुमच्या गणितात घाला. बोरॉनला ०.३५, बाकी सगळ्यांना ०.५५ धरून. क्लोरीन: ५.७६ × ०.३५ = २.०, बेरिलियम ०.६३, उरलेल्या छोट्या स्रोतांचे ०.३५. एकूण ३ च्या आसपास. मोजमापापेक्षा जरा जास्त, पण 'बेरिलियम शून्य' हे भूत गेलं. गॅलियम: पीपी ३८, बेरिलियम १९, बोरॉन ४, बाकी ६, एकूण ६७. मोजमाप ६५ ते ७०. तुटीचे तीन वेगळे आकडे का होते ते इथे कळतं: प्रत्येक प्रयोग वेगळ्या ऊर्जेचे न्यूट्रिनो बघत होता.

पृथ्वीवरचा पडताळा २००२ मध्येच जपानमधल्या कामलँड प्रयोगाने दिला: सरासरी १८० किलोमीटरवरच्या अणुभट्ट्यांचे प्रतिन्यूट्रिनो, अपेक्षा ८७, सापडले ५४. तिथे सूर्यही नाही आणि सौर प्रतिकृतीही नाही. आणि बेरिलियमचा झोत पुढे ग्रान सासोतल्या बोरेक्सिनो प्रयोगाने २००७ पासून थेट मोजला, २०१४ मध्ये पीपीचाही.

मृगशीर्ष

दोन्ही हिशेब केले: क्लोरीन २.९९, गॅलियम ६७.५. गॅलियम फारच सुंदर बसतं. की इतकं छान बसणं हा योगायोगही असू शकतो? गॅलियमच्या प्रयोगांची तपासणी कृत्रिम स्रोताने झाली होती ना?

रसशाळा

झाली होती, आणि तिथे एक गाठ अजून सुटलेली नाही. गॅलेक्स आणि सेज दोघांनीही क्रोमियम-५१ चा अतितीव्र स्रोत (अर्धायुष्य २७.७ दिवस) गॅलियममध्ये ठेवून जर्मेनियम-७१ (न्यूट्रिनोने गॅलियमचा होतो तो) मोजला. काढण्याची कार्यक्षमता वेगळी तपासली होती: गॅलेक्समध्ये आर्सेनिक-७१ मिसळला, तो विरून जर्मेनियम-७१ होतो, आणि तो एका टक्क्याच्या आत पूर्ण परत मिळाला. म्हणजे रसायन ठीक. तरीही स्रोतांच्या न्यूट्रिनोंची मोजणी अपेक्षेपेक्षा सुमारे १३ टक्के कमी आली. २०२२ मध्ये बक्सानच्या बेस्ट प्रयोगाने गॅलियमचे दोन थर, एकात एक, ठेवून हेच पुन्हा केलं: आतल्या थरात ०.७९, बाहेरच्या थरात ०.७७, दोन्हीत चूक ०.०५.

एवढ्या जवळच्या अंतरावर नेहमीचं दोलन दिसणं शक्य नाही, त्याची लांबी दहा किलोमीटरच्या पुढे. आणि दोन्ही थरांत तूट सारखीच असल्याने अंतराप्रमाणे बदलणारं काही थेट दिसत नाही. म्हणून गॅलियमच्या ६७ ला सौर प्रश्नाचा आधारस्तंभ मानू नका, जुळणारा साक्षीदार माना. सौर उत्तर सडबरीच्या ५०.९ विरुद्ध १७.६ वर आणि कामलँडवर उभं आहे, त्यात गॅलियमचा एक अणूही नाही. गॅलियमवरचा अभिक्रियेचा छेद (अभिक्रिया होण्याची शक्यता) किती पक्का आहे, याचा हिशेब करायचा असेल तर जर्मेनियम-७१ च्या ११.४ दिवसांच्या अर्धायुष्यापासून सुरुवात करा. जर्मेनियमच्या मूळ पातळीपर्यंतचा वाटा त्यावरूनच ठरतो, उत्तेजित पातळ्यांचा मात्र वेगळा काढावा लागतो.